वायुनळ व वायुमापक, घरगुती : सुरक्षानियमांचा इतिहास

स्वयंपाक, पाणी तापविणे इत्यादींसाठी नैसर्गिक वायू रस्त्याखालील मुख्य नळातून शाखानळाने घरापर्यंत आणतात. तेथे दाबनियंत्रकाने त्याचा दाब कमी होतो, मापकाने त्याचे घनफळ मोजले जाते व अंतर्गत नळांतून तो उपकरणांना मिळतो. या वायूत मुख्यत्वे मिथेन असते. तो हवेपेक्षा हलका, रंगहीन व गंधहीन असून हवेत त्याचे घनफळाने प्रमाण ५ ते १५ टक्के असताना मिश्रण ठिणगीने पेटते. बंदिस्त जागेत हे ज्वलन स्फोटक ठरते. या धोक्यांच्या निवारणासाठी झालेले नियम बव्हंशी अपघातांच्या चौकशीतून घडत गेले आहेत.

कोळसा-वायूचा काळ : लंडनमध्ये नळाने वायू पुरविणाऱ्या पहिल्या कंपनीस १८१२ मध्ये सनद मिळाली. मुंबईत १८६० नंतरच्या दशकात रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. कोळसा-वायूत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी घटक असे. तथापि अशुद्ध द्रव्यांमुळे त्याला उग्र वास येत असल्याने गळती सहज कळे. प्रारंभी दिव्यांची संख्या व जळण्याचे तास यांवरून आकारणी होई. पुढे सॅम्युएल क्लेग यांचा पाण्याचा मापक व नंतर पडद्यांचा कोरडा मापक प्रचारात आला. ब्रिटनमध्ये १८५९ च्या कायद्याने मापकांची तपासणी व त्यांवर शिक्का मारणे सुरू झाले. मात्र या कायद्याचा हेतू मापन प्रामाणिक असावे हा होता. मापक कोठे बसवावा याचा विचार नंतर झाला.

गंधद्रव्याची सक्ती : नैसर्गिक वायूला वास नसल्याचे परिणाम १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन येथे दिसून आले. तेथील शाळेने खर्च वाचविण्यासाठी तेलक्षेत्रातील अवशिष्ट वायूच्या नळावरून जोडणी घेतली होती. गळलेला वायू इमारतीच्या जमिनीखालील पोकळीत साचला, कोणाच्याही लक्षात न येता वर पसरला आणि कार्यशाळेतील विद्युत् यंत्राच्या ठिणगीने पेटला. सु. ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेक्ससमध्ये वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती करण्यात आली. या कामी मरकॅप्टन वर्गातील गंधकयुक्त संयुगे वापरतात. वायूचे हवेतील प्रमाण ज्वलनाच्या किमान मर्यादेच्या एकपंचमांश, म्हणजे सु. १ टक्का, होताच सामान्य माणसास वास यावा, हा दंडक आता अनेक देशांत रूढ आहे.

जोडणी व स्थान : १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर वायूचा स्फोट होऊन इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, ४ माणसे दगावली. शेगडीच्या जोडणीतील निकृष्ट पितळी नट हे गळतीचे कारण चौकशीत आढळले. इमारतीची रचना सदोष होतीच, परंतु एक लहान जोड किती महत्त्वाचा असतो हेही यातून स्पष्ट झाले. ब्रिटनमध्ये १९७२ साली वायुसुरक्षा विनियम लागू झाले.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार १९७० मध्ये किमान राष्ट्रीय मानके ठरविण्यात आली. त्यांनुसार इमारतीतील मापक हवेशीर जागी व ठिणगी किंवा उष्णता यांच्या उगमापासून किमान ३ फूट (सु. ०·९ मी.) दूर असावा लागतो. दाबनियंत्रकाची वायुमोचन नळी इमारतीबाहेर उघडणे आवश्यक असते. शाखानळ तुटल्यास प्रवाह आपोआप रोखणारी झडप नव्या एकल-कुटुंब घरांसाठी २००६ च्या कायद्यान्वये आवश्यक झाली.

नियम व अंमल : १० ऑगस्ट २०१६ रोजी मेरिलंड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील निवासी इमारतीत स्फोट होऊन ७ रहिवासी मरण पावले. मापकांच्या खोलीतील पाऱ्याच्या दाबनियंत्रकाची मोचन नळी जोडलेलीच नव्हती, त्यामुळे बाहेर जावयाचा वायू खोलीत साचला. वायूला वास होता. पण त्या खोलीत तो घेणारे कोणी नव्हते. दाबनियंत्रक इमारतीबाहेर बसवावेत व मिथेनसूचक यंत्रे वापरावीत, अशी शिफारस चौकशी मंडळाने २०१९ मध्ये केली. १३ सप्टेंबर २०१८ रोजी मॅसॅचूसेट्समधील लॉरेन्स परिसरात दाब मोजणारी नळी बंद केलेल्या जुन्या मुख्य नळावरच राहिली. त्यामुळे नव्या नळात अतोनात दाबाने वायू शिरून अनेक घरांना आगी लागल्या. घरातील मांडणी निर्दोष असूनही रस्त्याखालील चूक तेथवर पोहोचू शकते, हे यावरून दिसून येते.

भारत : मुंबईत घरगुती नैसर्गिक वायू पुरविण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाली आणि २००८ मध्ये मंडळाने शहरी वायुवितरणाची तांत्रिक व सुरक्षा मानके जाहीर केली. घरातील पुरवठ्याचा दाब सु. २१ मिलिबार एवढा अल्प ठेवतात.

वायूचा वास आल्यास ज्योत पेटवू नये, विजेची बटणे चालू वा बंद करू नयेत, शक्य असल्यास मुख्य झडप बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात व बाहेर पडून पुरवठादारास कळवावे. मापकाची जागा बंदिस्त करणे, मोचन नळी बुजविणे किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून नळ फिरवून घेणे यांमुळे गळती कळण्याचा व वायू बाहेर जाण्याचा मार्गच नाहीसा होतो.