डॉक्टरांना पाठवलेला मेसेज जातो कुठे?

"डॉक्टर, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का?" हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत असाच पेच ईमेलमुळे पडला होता.

रुग्ण ईमेल करू लागले, डॉक्टर उत्तरे देऊ लागले. पण ही उत्तरे केसपेपरवर येणार कशी? १९९८ मध्ये तिथल्या वैद्यकीय माहितीशास्त्र संघटनेने याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली एक आज गमतीची वाटेल: ईमेल आणि उत्तर छापून रुग्णाच्या फाइलला लावा! पण विचार करा, गोळीचा डोस ईमेलवर बदलला आणि फाइलमध्ये जुनाच राहिला, तर पुढचा डॉक्टर कोणता डोस धरेल?

२००० साली बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने 'पेशंटसाइट' सुरू केली. पासवर्ड टाकून रुग्ण आपले रिपोर्ट पाहू लागले आणि तिथूनच डॉक्टरांना मेसेज करू लागले. मजकूर साध्या ईमेलसारखा उघड्यावर फिरत नव्हता. आज अनेक रुग्णालयांच्या ॲपमध्ये हीच सोय असते.

तुमच्या रुग्णालयात ती असेल तर वापरा. मात्र तुमचा मेसेज डॉक्टरांच्या आधी नर्स किंवा सहायकही वाचू शकतात, हे लक्षात ठेवा. आणि १९९८ च्या सूचनांमधली एक गोष्ट आजही तितकीच खरी आहे: तातडीच्या त्रासासाठी मेसेज नको. छातीत दुखत असेल तर उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.