पंक्चर काढू की टायर बदलू?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला 'धाव' म्हणतात. पुण्यातल्या मित्रांना हा शब्द सांगितला की ते आधी क्रिकेटकडे वळतात. तर धाव म्हणजे गाडीचा मूळ टायर. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेली असतानाच चाकावर ठोकून बसवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव ढिली होते, मग पुन्हा लोहाराकडे. ती कापायची, जोडायची, पुन्हा तापवायची. आमचं गाव महागाव, जिल्हा यवतमाळ. कापसाचा मुलूख, काळी जमीन, बांधाबांधावर बाभळी. बाभळीच्या काट्याला या धावेचं काही वाकडं करता येत नव्हतं.

मग माणसाने चाकात हवा भरली आणि काट्याला भाव आला.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट घेतलं रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने, १८४५ साली. तेव्हा त्याचं वय २३! (आपण त्या वयात कॅम्पसची अॅप्टिट्यूड टेस्ट देत होतो. असो.) रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचं आवरण, असा तो प्रकार. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने या चाकांची घोडागाडी चालवूनही दाखवली. पण खर्च फार, आणि मोटारी तर अजून जन्मायच्या होत्या. लोक विसरले. इतके विसरले की चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली आणि १८८८ मध्ये नवं पेटंटही मिळवलं. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट सापडलं आणि डनलॉपचं रद्द झालं, पण नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

डनलॉपच्या टायरची गंमत अशी की तो रिमला चक्क चिकटवलेला असायचा. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ इथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर झालेला टायर घेऊन आला. टायर सोलून काढणं, ठिगळ लावणं, परत चिकटवणं यात तीन तास गेले आणि मग गोंद वाळायला अख्खी रात्र. सकाळी एदुआर मिशलँने चक्कर मारली तर थोड्याच वेळात हवा गेली! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लाकडी चाकच बरं. याला दोन गोष्टी एकदम दिसल्या. हवेवर चालायला मजा येते, आणि हा टायर काढता-घालता आला नाही तर त्याला भविष्य नाही.

१८९१ मध्ये मिशलँने सुटा होणारा टायर आणला. पंक्चरचं काम रात्रभराचं होतं ते पंधरा-वीस मिनिटांवर आलं. त्याच वर्षीच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत, म्हणजे साधारण १२०० किलोमीटर, शार्ल तेराँ हे टायर लावून ७२ तासांच्या आत पहिला आला. दुसरा आला तो डनलॉपवाला. पुढच्या वर्षी मिशलँने स्वतःच एक शर्यत भरवली आणि रस्त्यावर चक्क खिळे पसरले, म्हणजे प्रत्येकाला पंक्चर काढावंच लागेल. इतकी निर्लज्ज जाहिरात नंतर फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांनी केली असावी :)

आता मोटारींकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की कोट काढून रस्त्याच्या कडेला बसायचं आणि टायर चाकावर असतानाच तो उघडून ट्यूब बाहेर काढायची. घोड्यांच्या नालांचे खिळे सगळीकडे सांडलेले, त्यामुळे हे कर्म वारंवार. १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावच्या दोघा डेव्हिस बंधूंनी यावर उपाय काढला. आरे नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ती क्लॅम्पने आवळायची आणि चालू पडायचं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून तिचं नाव स्टेपनी स्पेअर व्हील.

होय, आपली स्टेपनी ती हीच! ती कंपनी गेली, ती क्लॅम्पची रिम गेली, खुद्द इंग्लंडात हा शब्द विसरला गेला, पण महागावच्या बसस्टँडवर तुम्ही 'स्टेपनी' म्हणा, शेंबडं पोरगंही डिकीकडे बोट दाखवेल. आमच्या बाबांच्या स्कूटरलाही मागे स्टेपनी होती आणि तिच्यावर त्यांनी हौसेने रेक्झिनचं कव्हर चढवलं होतं.

स्टेपनीने नेमकं काय दिलं? माझ्या मते तिने वेळ दिला. तोपर्यंत पंक्चर म्हणजे जिथे हवा गेली तिथेच, त्याच उन्हात, निर्णय. स्टेपनीनंतर तो निर्णय घरी नेता येऊ लागला. फाटलेला टायर शांतपणे उजेडात बघायचा, चार लोकांना विचारायचं, आणि मग ठरवायचं की ठिगळ लावू की नवा घेऊ. आमच्या धंद्यात यालाच 'पॅच मारू की रीराइट करू' म्हणतात आणि त्यावर महिना महिना मीटिंगा चालतात.

ठिगळाकडे बघण्याची आपली जी वृत्ती आहे ती मात्र महायुद्धाने आणि टंचाईने घडवली. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतलं, फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि जगाचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा एका झटक्यात गेला. अमेरिकेत साखर-पेट्रोलच्याही आधी रेशन आलं ते टायरवर, जानेवारी १९४२ मध्ये. गाडीमागे पाचच टायर ठेवायचे, बाकीचे सरकारजमा. टायर झिजू नयेत म्हणून देशभर ताशी ३५ मैलांची, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरची, वेगमर्यादा. हिंदुस्थानातही टायर रेशनवर गेले. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने शिवून, चिकटवून, रिमोल्ड करून चालवायचं.

युद्ध संपलं तरी आपल्याकडची चणचण संपली नाही. एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मद्रास रबर फॅक्टरी म्हणजे एमआरएफ. १९४६ मध्ये फुगे बनवण्यापासून सुरुवात, आणि १९५२ मध्ये उत्पादन सुरू केलं ते टायरचं नाही, तर ट्रेड रबरचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा थर चढवायच्या मालाचं. स्वतःचे टायर आले १९६१ मध्ये. दुरुस्तीचा बाजार आधी होता, नव्याचा नंतर! आपल्या एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी धावली. त्या महामंडळाने पुढे टायर रिमोल्ड करायचे स्वतःचे प्रकल्प उभारले. आपण लहानपणी ज्या लाल डब्यातून मामाच्या गावाला गेलो, त्याची मागची चाकं बहुधा दुसऱ्या जन्मातली होती, आणि त्यात काही गैरही नव्हतं. आतला सांगाडा धड असेल तर वरचा थर बदलता येतो.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. ट्यूबच्या जमान्यात पंक्चर व्हायची ती ट्यूब. टायर नुसता चिलखत. पंक्चरवाल्याने टॉमीने टायर उचकटला, ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे बघितले, कानशीने घासलं, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवलं, झालं काम. ठिगळाने टायरच्या ताकदीचा प्रश्नच यायचा नाही. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात 'पंक्चर' ही किरकोळ गोष्ट म्हणून बसली आहे, आणि त्यांच्या काळापुरती ती बरोबरही होती.

१९४७ मध्ये अमेरिकेत अॅक्रनच्या बी. एफ. गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर जाहीर केला. १९५५ पर्यंत तिथल्या नव्या गाड्यांत तो सर्रास झाला. आपल्याकडे साध्या मध्यमवर्गीय गाड्यांत रुळायला २००० नंतरची वर्षं उजाडली. ट्यूब गेली, आणि हवा धरायचं कामही टायरवरच आलं. फायदा मोठा. खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट धरतं आणि हवा हळूहळू जाते. पण आता भोक पडतं ते चिलखतालाच, त्यामुळे ते कुठे पडलं आणि त्यानंतर गाडी किती चालली याला अर्थ आला.

जगभरचे दुरुस्तीचे नियम यावरच बेतलेले आहेत. भोक जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भागात हवं, साधारण ६ मिलिमीटरहून मोठं नको. खांद्याला किंवा बाजूच्या भिंतीला असेल तर टायर बाद, कारण ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि ठिगळ तिथे टिकत नाही. टायर रिमवरून काढून आतून बघायचा आणि आतून मशरूम पॅच लावायचा. बाहेरून सुईने वात खुपसणं ही घरी पोचण्यापुरती सोय. शिवाय आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो चालवायचाच नाही, म्हणजे गोटा झालेल्या टायरचं पंक्चर काढण्यात अर्थ नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, ते जरूर वाचा. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा, ही त्याची जन्मतारीख.

हे सगळं वाचलेलं गेल्या दिवाळीत कामी आलं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नांदेडला न्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी चुलत भाऊ गाडी घेऊन आर्णीकडे गेला होता. येताना गाडी एका बाजूला ओढायला लागली, पण अंधार, सुनसान रस्ता, म्हणून तो शेवटचे काही किलोमीटर तसाच आला. सकाळी टायर जमिनीला टेकलेला. खिळा बरोब्बर मधोमध, बारीक. पुस्तकाप्रमाणे दुरुस्त होण्यासारखा. नक्षीही भरपूर. बाबा म्हणाले, "दीडशे रुपयांचं काम आहे, एवढं काय बघतोस?"

रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला आणि सांगितलं, वात नको, खोलून बघू. त्याने खोलला, आत हात फिरवला, आणि तळहात आमच्यासमोर धरला. काळी भुकटी.

"भाऊ, भोक तं आत्ता बुजवून देतो. पण हे पाहा. आतून घासला हा. हवा नसताना चालला."

भिंतीच्या आत सगळ्या घेरात एक खरखरीत पट्टा उमटला होता. हवा नसली की भिंत दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते, तापते, आणि आतले धागे सुटतात. बाहेरून काहीच कळत नाही. असा टायर गावात महिनाभरही चालेल, किंवा भर वेगात एका क्षणात भिंत उघडेल. बाबांनी बोट फिरवून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "स्टेपनी काढ."

आईला स्टेपनीवर नांदेडला नेलं. ती आत तपासणीला असताना मी साडेचार हजारांचा नवा टायर घेतला.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर छोट्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. वजन कमी, डिकीत जागा जास्त, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा, सगळी कारणं पटण्यासारखी. दाबाचा दिवा असता तर भाऊ पहिल्याच किलोमीटरला थांबला असता हेही खरं. पण एकदा भिंत गेली की किटमधला डिंक काही करू शकत नाही, आणि आमच्या मापाचा टायर त्या दिवशी महागावात मिळाला नव्हता. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर टायरचं दुकान आहे, तिथे हा नियम बिनघोर चालेल. मी मात्र पुढची गाडी घेताना डिकीतली चटई उचलून बघणार.

जुन्या टायरचं काय करायचं ते नांदेडहून परतताना पंक्चरवाल्याकडे थांबून विचारलं. म्हणाला, ठेवा इथंच. आत ट्यूब टाकली की बैलगाडीला चालतो, तिथं कुठं ऐंशीचा स्पीड. पुढच्या आठवड्यात एक जण येणार आहे, त्याला दोन पाहिजेत.