खुर्दा किती गेला?

वाचकहो, कोडी घालण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. शेतात खुरपणी चालू असताना, रात्री अंगणात बाजेवर पाठ टेकल्यावर, वऱ्हाडाच्या गाडीत, एकाने घालावे आणि बाकीच्यांनी सोडवावे. कोकणात त्याला हुमाण म्हणतात, देशावर कोडे. नावे काहीही असोत. या खेळात एक भर घालावी असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. वस्तूंची कोडी पुष्कळ झाली, आता शब्दांनाच अडवून विचारावे, "बाबा रे, तू कोठला आणि आमच्याकडे कसा आलास?"

समजा, मी तुम्हांला विचारले, "ती रोज तुमच्या कमरेला असते, तिच्यावाचून तुमचेच घर तुम्हांला आत घेत नाही, पण तिचे माहेर मात्र साता समुद्रांपलीकडे. ओळखा पाहू!" कोणी म्हणेल पैशाची पिशवी, कोणी म्हणेल चंची. उत्तर आहे चावी. किल्ली हा शब्द आपल्याकडे होताच. चावी ही पोर्तुगीजांच्या भाषेतली. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये परत मिळवली, गोवा १९६१ मध्ये सुटले. माणसे गेली, शब्द राहिले. साबण त्यांचा, पाव त्यांचा, बटाटा त्यांचा. पगार त्यांचा, आणि तुरुंगही त्यांचाच! हे दोन शब्द एकाच गलबतातून उतरले, यावर नोकरदार मंडळींनी काय ते समजून घ्यावे.

हे कोडे सरळ आहे. पोर्तुगीज भाषेचा कोश उघडला की उत्तर बरोबर की चूक ते कळते. पण काही कोड्यांची उत्तरे इतकी चटकदार असतात की ती ऐकल्यावर पडताळून पाहायची इच्छाच मरते. खरी गंमत तेथे आहे, आणि धोकाही तेथेच आहे.

वर्गात विचारून पाहा, "ध चा मा म्हणजे काय रे?" मागच्या बाकावरचा मुलगाही उभा राहून सांगेल, "गुरुजी, राघोबादादांनी चिठ्ठी लिहिली होती, नारायणरावाला धरावे. आनंदीबाईनं ध पुसला अन् मा केला. धरावेचं मारावे झालं. म्हणून गारद्यांनी नारायणरावाला मारलं." सारा वर्ग खूश. एका अक्षरात एक पेशवा गेला!

आता त्याच मुलाला पुढचा प्रश्न विचारा. "ती चिठ्ठी कुठं आहे?"

नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, यात शंका नाही. सुमेरसिंग आणि त्याचे गारदी यांनी तो केला, यातही नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरले, हेही सर्वांस ठाऊक आहे. अक्षर बदलल्याची हकीकत ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या मराठ्यांच्या इतिहासात छापली गेली. तो ग्रंथ १८२६ सालचा, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी आलेला. तो कागद मात्र आज कोणी आपल्यापुढे ठेवू शकत नाही. बरे, हा व्यवहार मोडीतला. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता, शब्द न तोडता अक्षरे जोडीत जाई. 'ध'ला काना नाही, 'मा'ला काना हवा. म्हणजे अक्षर तर फिरवायचेच, शिवाय पुढच्या 'र'च्या आधी काना घुसवायचा. हे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या मास्तरांना मोडी येते त्यांनी फळ्यावर 'धरावे' लिहावे आणि मुलांदेखत त्याचे 'मारावे' करून दाखवावे. मग बोलू.

माझे म्हणणे एवढेच की या कोड्याचे उत्तर फार सोयीचे आहे. कोणाच्या सोयीचे? ते अक्षर बदलले असे मानले की राघोबादादांचा हुकूम नुसता पकडण्याचा ठरतो आणि खुनाचे सारे ओझे त्यांच्या बायकोच्या डोक्यावर जाते. रामशास्त्र्यांनी ज्याला दोषी धरले त्याचे नाव मागे पडले, आणि अडीचशे वर्षे गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांपासून घरातल्या भांडणांपर्यंत आनंदीबाईच खलनायिका. सासू सुनेला म्हणते, "ध चा मा करू नकोस." एका बाईची अब्रू म्हणीत बसली, आणि म्हणीविरुद्ध दाद मागायला कचेरी नसते.

मारले गेले तेव्हा नारायणराव अठरा वर्षांचे होते. त्यांचे थोरले बंधू विश्वासराव पानिपतावर पडले तेव्हा तेही अठराचेच. विश्वासरावांचे नावही आपण कोड्यात घालून ठेवले आहे. कोणी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवा," की पारावरचा एखादा म्हातारा हटकून म्हणतो, "विश्वास गेला पानिपतात!" ऐकणारे हसतात. हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा मुलगा?

पानिपतावरून आणखी एक उत्तर तोंडोतोंडी झाले आहे. "संक्रांत कोसळली असं का म्हणतात?" "पानिपतची लढाई संक्रांतीला झाली म्हणून." ऐकायला बिनतोड वाटते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, आणि १४ जानेवारी म्हणजे तिळगूळ, हे आपल्या हाडीमासी खिळले आहे. पण येथे पंचांग आडवे येते. आपले सौरवर्ष ताऱ्यांवरून मोजतात, इंग्रजी वर्ष ऋतूंवरून. दोहोंत दरसाल सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि सत्तर-बहात्तर वर्षांत तो एक दिवस होतो. म्हणून संक्रांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, ती तारीख १२ जानेवारी १८६३. पानिपत त्याच्याही आधी एकशेदोन वर्षे. आता गणित तुम्हीच करा. ज्या दिवशी भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी मैदानात उतरली, त्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. त्या दिवसाची तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. मग संक्रांत 'कोसळते' ती कशी? पंचांगात दरवर्षी संक्रांतीचे वर्णन असते: ती कशावर बसून आली, काय नेसली, कोठे पाहते, आणि जिकडे पाहते तिकडे काय अनिष्ट होते. माझ्या मते वाक्प्रचाराचे मूळ तेथे शोधावे.

आता ज्या कोड्याचे उत्तर पडताळणीला उतरले, त्याकडे येतो. हे कोडे कोणी करमणुकीसाठी घातले नव्हते.

१७६१ चा जानेवारी. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले आहेत. भाऊ आणि विश्वास अब्दालीपुढे अडकले आहेत, खबर धड मिळत नाही. मुक्काम भेलशास पडला आहे. हेच आजचे मध्य प्रदेशातले विदिशा. २४ जानेवारीला सावकारांचा एक निरोप्या दक्षिणेकडे चाललेला लष्कराच्या हाती लागतो. त्याच्याजवळ एक पत्र. पत्रात लढाईचे नाव नाही, गाव नाही, माणूस नाही. हिशेब आहे, तोही नुकसानीचा: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची तर मोजदादच नाही.

सावकाराने असे का लिहावे? कारण बातमी हा सावकाराचा माल. लाखोंच्या हुंड्या लष्कराच्या भरवशावर फिरत असतात. लष्कर बुडाले हे ज्याला एक दिवस आधी कळले तो आपला पैसा सोडवून घेतो, ज्याला नंतर कळले तो बुडतो. वाटेत पत्र पकडले गेले तर पकडणाऱ्याला ते मालाचे खाते वाटावे, अशी ही योजना. आणि चपळाई पाहा: पानिपताहून भेलसे सातशे किलोमीटरांच्या वर, तेही हिवाळ्यात, शत्रूच्या मुलखातून, दहाव्या दिवशी पत्र तेथे. पेशव्यांना एवढी मोठी बातमी कळली ती अशी, दुसऱ्याच्या पत्रातून.

नानासाहेबांना कोडे सोडवायला वेळ लागला नसेल. मोती दोनच होते. एक पोटचा मुलगा, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव. सत्तावीस मोहरा म्हणजे सरदार. त्या कोणत्या, हे मुलांना एकेक करून आठवायला सांगावे: जनकोजी शिंदे, यशवंतराव पवार, समशेर बहाद्दर, इब्राहिमखान गारदी... बहुतेक वर्ग दहाच्या पुढे जात नाही. नानासाहेब पुण्याला परतले आणि त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले.

येथे कोड्याचाही एक दोष दिसतो. मोती 'विरघळला' म्हणजे मेला की नाहीसा झाला? भाऊसाहेबांच्या बाबतीत लोकांच्या मनातून ही शंका गेली नाही. पुढे एक तोतया उभा राहिला, मीच भाऊ म्हणू लागला, किल्ले घेतले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुणे दरबाराच्या नाकी नऊ आले.

पण मला त्या पत्रात सर्वांत जास्त अडवतो तो तिसरा शब्द. मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजला नाही. खुर्दा म्हणजे चिल्लर, मोड. या शब्दात बारगीर आले, गाडीवान आले, बुणगे आले, तीर्थयात्रेच्या निमित्ताने बरोबर गेलेल्या बायका आल्या. सावकाराने कठोरपणे लिहिले असे नव्हे. त्याने खरे तेच लिहिले. मोजायला कोणी उरले नव्हते. आजही आपण 'खुर्दा उडाला' म्हणतो, तेव्हा नाणी कोणाच्याच डोळ्यांपुढे नसतात.

हा खुर्दा मूळचा फारसी. त्याच शब्दाचे भावंड तुमच्या शिवारात आहे. खुर्द म्हणजे धाकटे, बुद्रुक म्हणजे थोरले. हा फारसी 'बुजुर्ग'च आपल्या तोंडात बुद्रुक झाला. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, आणि महाराष्ट्रात अशा जोड्यांना तोटा नाही. ज्या दिवशी कोणा कारकुनाने गावांची जमाबंदी केली, त्या दिवशी जे मोठे होते ते बुद्रुक. पुढे कोठे नदीने पात्र बदलले, कोठे बाजार हलला, कोठे हमरस्ता खुर्दाच्या बाजूने गेला आणि धाकटे वाढून थोरल्याच्या दुप्पट झाले. नाव मात्र तेच.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, आणि घरी बसून वाचणाऱ्या मंडळींनो, तुमच्या तालुक्यात अशी एखादी जोडी असेलच. दोन्ही गावांची आजची वस्ती ग्रामपंचायतीत विचारा. जेथे खुर्द मोठे निघेल, तेथे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारा, "आजोबा, हे असं उलटं कधी झालं?" ते काहीतरी उत्तर देतीलच. ते लिहून घ्या, आणि मग तलाठ्याकडचा कागद पाहायला चला.