सोळा रस्त्यांची गोलाई

लातूरची गंज गोलाई पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कुणा हौशी अधिकाऱ्याची लहर वाटते. गोलाकार दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवताली फुटणारे सोळा रस्ते. आराखड्याचं श्रेय नगररचनाकार फय्याजुद्दीन यांना दिलं जातं, बांधकामाचं साल १९१७ सांगतात. पण या गोलाईची कुळी शोधायची तर आणखी सहा वर्षं मागे जायला हवं. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ लातूरला पोचला आणि तिथंच संपला. निजामाच्या मुलखातला माल आता इथून कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईकडे जाऊ लागला. रूळ पुढे जात नव्हता, म्हणून चहूकडच्या बैलगाड्या इथंच येऊन रिकाम्या होणार हे उघड होतं. सरळ पेठेत तोंडाशी बसलेल्याला गिऱ्हाईक आधी मिळतं, शेवटचा वाट बघत राहतो. वर्तुळाला शेवटच नसतो. त्यात सराफा, चपला, मिरची, गूळ अशी एकेका धंद्यानं आपापली वाट धरली. मिरची घ्यायला आलेल्यानं थेट मिरचीच्या ओळीत शिरावं, भाव चार दुकानांत पडताळावा आणि त्याच वाटेनं गावाकडे निघावं. माझ्या मते हा आकार व्यापाराच्या गरजेतून आला, लहरीतून नव्हे.

ही दिल्लीच्या कॅनॉट प्लेसची नक्कल, असंही कुणी म्हणतं. कॅनॉट प्लेसचं काम १९२९ साली सुरू झालं, तेव्हा गोलाई उभी राहून बारा वर्षं झाली होती. नातं जोडायचंच तर पंजाबातल्या लायलपूरशी जोडावं. तिथं घंटाघराभोवती आठ बाजार याआधीच आखले गेले होते, आणि तेही धान्याचंच गाव. एकानं दुसऱ्याचं पाहून केलं असं मी म्हणणार नाही. गरज सारखी होती, एवढं मात्र दिसतं. मधल्या देवळामुळे हिला देवस्थानाची पेठ ठरवणंही मला पटत नाही. देवळाभोवतीची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, तिला मोजून सोळा वाटा फुटत नाहीत. खरा आक्षेप आजच्या कोंडीचा आहे. सोळा वाटांची वाहनं एका वर्तुळात उतरली की पायी चालणंही जिकिरीचं होतं. पण तो दोष आराखड्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. बैलगाडीच्या वेगासाठी आखलेल्या जागेत आपण मोटारी घातल्या. तूर-सोयाबीनचे मोठे सौदे बाजार समितीच्या आवारात गेले आणि अडीच फुटी रूळही रुंदीकरणात उखडला गेला. किरकोळ बाजार मात्र अजून याच सोळा वाटांवर भरतो.