किती धावला आणि किती दमला : मैदानावरचे दोन वेगळे हिशोब

फुटबॉलच्या पूर्ण सामन्यात मोठ्या संघातला मधल्या फळीचा खेळाडू साधारण 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो. दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीवर बसवलेलं छोटं जीपीएस यंत्र हे अंतर, वेग, वेगातले चढउतार टिपून ठेवतं. याला बाह्य भार म्हणतात. पण तेवढंच धावून एक जण हसत बाहेर येतो, दुसरा गवतावर आडवा होतो. तेच काम शरीराला आणि मनाला किती जड गेलं, तो आंतरिक भार. तो हृदयाच्या ठोक्यांवरून मोजता येतो, किंवा सरळ खेळाडूलाच विचारता येतं.

या विचारण्याला मोजपट्टी दिली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी. त्यांची पहिली पट्टी 6 ते 20 अशी, आकडे जरा विचित्रच. दहाने गुणलं की तरुण, निरोगी माणसाच्या ठोक्यांचा अंदाज यावा हा हेतू : आरामात 60, पूर्ण दमल्यावर 200. पुढे त्यांनीच 0 ते 10 ची पट्टी केली. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी तशीच पट्टी संपूर्ण सरावाला लावली. सराव संपून अर्धा तास झाला की विचारायचं, "आजचा सराव किती जड गेला?" उत्तराला मिनिटांनी गुणायचं. 60 मिनिटांना 5 दिले तर 300, 40 मिनिटांना 8 दिले तर 320. म्हणजे छोटा सराव भारी पडला. अर्धा तास थांबायचं ते अशासाठी, की शेवटच्या पळापळीचीच धाप सगळ्या सरावाच्या माथी बसू नये.

या गुणाकाराशी सर्वांत पक्कं नातं एकूण अंतराचं दिसून आलं आहे. फार वेगात धावलेल्या अंतराचं नातं त्यापेक्षा सैल. मला यात फार नवल वाटत नाही. गुणाकारात मिनिटं आहेतच, आणि जास्त वेळ खेळलं की अंतरही वाढणारच.

अंतर फसवतं ते छोट्या मैदानावर. तिघांविरुद्ध तिघे खेळवा : चेंडू सारखा पायाशी येतो, थांबायचं, वळायचं, पुन्हा सुटायचं. सुसाट धावायला जागाच नसते, त्यामुळे यंत्रात वेगवान धाव जवळजवळ नाहीच, पण पोरं आठ-नऊ सांगतात. कबड्डीचं तर विचारूच नका. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर. पकडीतली झटापट किलोमीटरमध्ये कशी मावणार?

शिवाय ऊन, अपुरी झोप, आजारपणातून नुकतं उठलेलं शरीर, परीक्षेचं टेन्शन, हे सगळं आकड्यात उतरतं. रमजानमध्ये सहरीसाठी झोप मोडते, दुपारी पाणी नसतं. नेहमीच्याच फेऱ्या रोजेदार मुलाला जास्त जड वाटू शकतात. तेव्हा काल 5 म्हणणारा मुलगा त्याच सरावाला आज 8 म्हणाला, तर आपण शिक्षक लगेच "आळशी झालास" म्हणतो. खरं तर तेव्हाच त्याला बाजूला घेऊन झोप, जेवण, दुखणं विचारायला हवं.

एक अडचण मात्र खरी. सगळ्यांसमोर विचारलं की कॅप्टन जो आकडा सांगतो तोच सगळे सांगतात, आणि संघात जागा जाईल या भीतीने दमलेलाही 4 म्हणतो. म्हणून एकेकट्याला विचारावं. लहान मुलांना आकड्यांपेक्षा चित्रांची पट्टी सोपी जाते. पहिले काही दिवस उत्तरं वेडीवाकडी येतील, तरी वहीत तारखेसह लिहीत जावं. एका मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्यांशी करायची, शेजारच्याशी नाही.