दातातला हरवलेला न

संस्कृत ‘दन्त’ आणि इंग्रजी ‘टूथ’ यांचं मूळ एक आहे, हे नुसतं ऐकून पटत नाही. जर्मेनिक कुळातली इतर भावंडं पाहिली की पटतं. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिकमध्ये बायबल उतरवलं, त्यात दाताला ‘टुंथुस’ म्हटलं आहे. स्वीडिशमध्ये आजही ‘टांड’, आइसलँडिकमध्ये ‘ट्यॉन’, जर्मनमध्ये ‘त्सान’. आपल्या द-ला तिकडे ट आणि त-ला थ, हा बदल याकोब ग्रिमने १८२२ साली नियमात बसवला. दश–टेन, त्रि–थ्री या जोड्या त्याच नियमाच्या. जर्मनांनी पुढे त्या ट-चाही त्स केला. मूळ अर्थ बहुतेक अभ्यासक ‘खाणारा’ असा लावतात. संस्कृतातला ‘अद्’ धातू तोच.

पण मला खरी गंमत वाटते ती न-ची. स्वीडिश आणि जर्मनने तो जपला, इंग्रजीने टाकला. फ, थ, स यांसारख्या घर्षक ध्वनींच्या आधीचा अनुनासिक इंग्रजीच्या पूर्वजांनी गाळला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. म्हणून जर्मन ‘फ्युन्फ’, पण इंग्रजी ‘फाइव्ह’. जर्मन ‘गान्स’, पण इंग्रजी ‘गूस’.

आता हिंदीतले दाँत आणि पाँच घ्या, मग मराठीतले दात आणि पाच म्हणून पाहा. आपणही तेच केलं! इंग्रजीशी काडीचा संपर्क नसताना, त्याच दोन शब्दांत. नियम मात्र आपला वेगळा. मराठीने क, च, ट, त अशा कठोर व्यंजनांआधीचा अनुनासिक सोडला, मृदू व्यंजनांआधीचा ठेवला. त्यामुळे कण्टकाचा काटा झाला, पण स्कन्धाचा खांदा आणि दण्डाचा दांडा अनुनासिक राखून आहेत. इंग्रजीतही ‘हँड’मधला न टिकलाच, कारण त्याच्यापुढे घर्षक नव्हता.

जुन्या मराठी पुस्तकांत ‘दांत’ असं छापलेलं आढळतं. तो अनुस्वार कोणी उच्चारत नव्हतं, तो व्युत्पत्तीसाठी होता. १९६२च्या लेखननियमांनी तो काढला. लिहिणाऱ्यांची सोय झाली, हे मान्य. पण शाळेत ‘दन्त’वरून ‘दात’ शिकवताना मधला ‘दांत’ एकदा तरी फळ्यावर लिहून दाखवायला हवा.