खंड, खावटी आणि सूट

भाडे थकलेल्या माणसाला मदत कशी करावी, हा प्रश्न आपल्याला शहरातला वाटतो. चाळीतली खोली, महिन्याची पहिली तारीख आणि दारात उभा राहिलेला मालक, एवढे चित्र डोळ्यांपुढे येते. पण आमच्या पेण-रोह्याच्या पट्ट्यात हा प्रश्न आधी शेताच्या बांधावर उभा राहिला. भाडे घराचे नव्हते, जमिनीचे होते. त्याला खंड म्हणत. देणारा कूळ आणि घेणारा खोत किंवा सावकार. १ जानेवारी १९८१ रोजी रायगड हे नाव मिळण्यापूर्वी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या कुलाब्याचा बराचसा इतिहास या खंडाच्या हिशोबात दडलेला आहे.

खंड का थकत असे, हे समजायला खारेपाट पाहावा. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, रोह्याला कुंडलिका. उधाणाचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून भाताची जमीन मिळवलेली. मोठ्या भरतीत बांध फुटला, खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते. मग ते एक पीक तर जातेच, पुढची दोन-तीन वर्षेही जमीन धड पिकत नाही. पण बांधाला खांड गेली म्हणून खोताचा खंड थांबत नसे. त्यात खंडाखेरीज वेगवेगळे हक्क आणि वेठबिगार होतीच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खोत कुणा एका जातीचे नव्हते. कोकणात ब्राह्मण खोत होते, मराठा होते, आणि आम्हा मुसलमानांतही होते. कुळांत आगरी, कुणबी, महार होते, तसे मुसलमानही होते. ही रेघ धर्माची नव्हती. ती धान्याच्या कणगीतून गेलेली होती.

मग अशा कुळाला मदत मिळत नसे का? मिळे. पावसाळ्यात घरातले भात संपले की तो खोताच्याच ओट्यावर जाई आणि खायला भात उसने आणी. ही खावटी. ती फेडायची दीडीने, म्हणजे एक मण नेले तर सुगीला दीड मण घालायचे. त्यावर खंड निराळाच. मदत करणारा हात आणि वसूल करणारा हात एकाच माणसाचे होते. म्हणून ज्या वर्षी मदत मोठी, त्याच्या पुढच्या वर्षी थकबाकीही मोठी.

सरकारी मदतही होती. शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा १८८४चा. त्याखाली बी-बियाण्यासाठी, बैलांसाठी तगाई मिळे. मी कविता लिहितो, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. तगाई म्हणजे मूळची अरबी तकावी. त्यात कुव्वत आहे, बळ देणे आहे. वसूल, बाकी, जमा, माफ हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इथल्या मातीचे होऊन गेले. पण तगाई हे कर्ज होते आणि कर्जाला तारण लागते. ज्याची जमीनच दुसऱ्याची, त्याने तारण ठेवायचे काय? बळ देणारा शब्द ज्याला बळ हवे त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचत असे.

या अनुभवातून कुळे एका निष्कर्षावर आली. आम्हाला खंड भरायला मदत नको, खंडच वाजवी करा. २५ डिसेंबर १९३० रोजी पेणला कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. तिच्यामागे नारायण नागू पाटील आणि अनंतराव चित्रे होते. पुढे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी गावी सभा झाली आणि संप पुकारला गेला. खोताची जमीन कसायचीच नाही, असा तो संप. पंचवीस गावांनी तो सहा वर्षे चालवला. जमिनी ओस पडल्या. माणसे रानातली लाकडे आणि कंद विकून जगली. त्यांच्या मागण्यांत पिकाची रास्त वाटणी होती आणि खंडावरच्या जादा हक्कांना नकार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. पण महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीला यावे लागले आणि १९३९च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला.

खरी तरतूद झाली ती १९४८च्या कूळकायद्यात. त्यातली तीन कलमे मला महत्त्वाची वाटतात. कलम ११ने खंडाखेरीजचे सगळे हक्क आणि वेठ बंद केली. कलम १३ने सांगितले, की सरकारने जमीन महसूल तहकूब केला किंवा त्यात सूट दिली, तर मालकानेही त्याच प्रमाणात खंड तहकूब करावा किंवा सोडावा. सरकारी सूट मालकाच्या ओट्यावर अडकू नये, हा त्यामागचा हेतू. आणि कलम २५ने खंड थकलेल्या कुळाला लगेच बाहेर न काढता, मामलेदारासमोर पंधरा दिवसांत बाकी भरून जमीन राखण्याची संधी दिली. पुढच्याच वर्षी, १९४९मध्ये, खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले.

हे सगळे सुरळीत झाले असे नाही. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. ती १९५७मध्ये प्रसिद्ध झाली. कुळांनी 'राजीखुशीने' सोडलेल्या जमिनींमागे किती राजी आणि किती खुशी होती, याची शंका त्यातून ठळक झाली. ज्यांचे नावच कागदावर नव्हते, त्यांच्या हाती काही लागले नाही. तरीही २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर लोकांचे मत घेतले गेले. जमिनीवर नाव होते म्हणूनच विचारले गेले.

कुळांची अशीच कोंडी आयर्लंडमध्येही झाली होती. तिथे कुळांची चळवळ उभी राहिल्यावर १८८१मध्ये रास्त खंड ठरवण्याचा कायदा झाला. पण जुनी बाकी डोक्यावर असलेल्याला त्याचा लाभ घेता येईना. म्हणून १८८२मध्ये दुसरा कायदा आला. लहान कुळाने एका वर्षाचा खंड भरावा, उरलेल्या बाकीचा काही भाग सरकारने मालकाला द्यावा आणि बाकी रक्कम कायमची रद्द व्हावी. पैशाची मदत केव्हा उपयोगी पडते, ते यातून कळते. आधी खंडाला मर्यादा घाला, मग जुनी बाकी पुसा. मर्यादा न घालता नुसती मदत दिली, तर ती कुळाच्या हातातून निघून मालकाच्या कणगीत जाते.

आज आमच्याकडे भाडे पुन्हा घराचे झाले आहे. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत काम करणारी कितीतरी माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत काम थांबले, तेव्हा राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली, की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि भाड्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नका. सूचना माणुसकीची होती. पण ती तहकुबी होती, सूट नव्हती. तीन महिन्यांनी तिन्ही महिन्यांची बाकी एकदम उभी राहणार होती. त्याच वर्षी सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी पुन्हा सुरू केली. ती मात्र कर्ज म्हणून नाही, अनुदान म्हणून दिली: चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूरूपात. खावटी या शब्दाला चिकटलेली दीडी तिथे गळून पडली.

तेव्हा भाडेकरूच्या मदतीची एखादी योजना कानावर आली, की मी तीन गोष्टी विचारतो. हे पैसे परत करायचे आहेत का? भाडे वाढवायला काही मर्यादा आहे का? आणि बाकी असताना माणसाला घरात राहता येईल का? चरीच्या अक्षरओळख नसलेल्या कुळांना हे तीन प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी नेमके कळले होते.